अहवालातील एका ओळीविषयी : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : विधी महाविद्यालयांच्या वार्षिक प्रगती अहवालात विधी सहाय्य केंद्राच्या कामाची सविस्तर नोंद सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात वकिली करतो. काही वर्षे एका विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवण्याचे कामही केले आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातील एका विधी महाविद्यालयाच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभास जाण्याचा योग आला. महाविद्यालयाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मला जे मांडायचे आहे ते त्या एका संस्थेपुरते नाही आणि तेथील प्राचार्य व प्राध्यापक मनापासून काम करणारे आहेत.

प्रथेप्रमाणे प्राचार्यांनी वर्षभराच्या प्रगतीचा अहवाल वाचला. विद्यापीठ परीक्षेतील निकाल, अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्टच्या) स्पर्धेतील करंडक, वक्तृत्वातील बक्षिसे, एक राष्ट्रीय चर्चासत्र, दोन सामंजस्य करार, ग्रंथालयात आलेली नवी पुस्तके, ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिन आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन असे सर्व त्यात व्यवस्थित आले. प्रमुख पाहुण्यांनी अपेक्षेप्रमाणे माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण काढली. (साताऱ्याच्या परिसरात कायद्याविषयीचे कोणतेही भाषण रामशास्त्र्यांना ओलांडून पुढे जात नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.) मात्र या लांबलचक अहवालात एक वाक्य होते, ज्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. ते असे : ‘विधी सहाय्य केंद्रामार्फत वर्षभरात विविध उपक्रम राबवण्यात आले.’ एवढेच. गरजूंना मोफत कायदेशीर सल्ला देण्यासाठी असलेल्या या केंद्राचे उपक्रम कोणते, तेथे कोण आले, कशासाठी आले आणि त्यांचे पुढे काय झाले, याविषयी एक अक्षरही नव्हते. मी शिकवत होतो त्या काळातील अहवालांतही हेच वाक्य असायचे, हे मला ठाऊक आहे, कारण त्यातील एका अहवालाचा मसुदा मीच तयार केला होता.

करंडकाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पाटण खोऱ्यातून किंवा माण-खटावच्या दुष्काळी गावातून आलेली, घरात यापूर्वी कोणीही वकील नसलेली मुलगी परक्या शहरातील स्पर्धेत उभी राहून इंग्रजीत युक्तिवाद करते, तेव्हा समोर बसलेल्या तिच्या आईवडिलांच्या दृष्टीने तो करंडक फार मोठा असतो, आणि तो तसा असलाच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच आहे की, स्पर्धेतील प्रकरण बहुधा कल्पित सर्वोच्च न्यायालयापुढील घटनात्मक प्रश्नाचे असते, आणि त्या मुलीचे वकिलीतील पहिले वाक्य मात्र तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पुढची तारीख मागण्याचे असणार आहे. या दोन्हींच्या मधला रस्ता महाविद्यालयात कोठे बांधला जायचा असेल, तर तो विधी सहाय्य केंद्रात.

हे केंद्र ही महाविद्यालयाची हौस नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क आला आणि मोफत विधी सहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यानंतर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये विद्यापीठे व विधी महाविद्यालयांतील सहाय्य केंद्रांना मार्गदर्शन करणे व त्यांच्या कामावर देखरेख ठेवणे हे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे काम म्हणून नमूद केले आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी तर प्रत्येक संस्थेवर असे केंद्र चालवण्याचे बंधनच घातले. ते ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी, विधी सेवा प्राधिकरण आणि स्वेच्छेने काम करणारे स्थानिक वकील यांच्या सहकार्याने, विद्यार्थी ज्या परिसरातून येतात त्या परिसरासाठी चालवावे, असा त्या नियमाचा आशय आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी कायद्याने इतकी तरतूद केली, ती आपल्या अहवालात एका ओळीत उरकली जाते.

परिसर म्हणजे काय, हे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कोयना धरणाने उठवलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी अजून जमिनीच्या कागदांसाठी फिरते आहे. कृष्णेच्या २०१९ च्या महापुरात ज्यांची घरे बुडाली, त्यांपैकी कित्येकांचे कागदपत्रही बुडाले. तासगाव आणि मिरज भागातील द्राक्ष बागायतदाराचा माल उचलून नेणारा व्यापारी दिलेला धनादेश न वटताच गायब होतो, तेव्हा नोटीस किती दिवसांत पाठवायची हे त्या शेतकऱ्याला बहुतेक वेळा मुदत उलटून गेल्यावर कळते. धनादेश न वटल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवस, एवढी साधी माहिती वेळेवर देणारे कोणी जवळ असते, तर अनेक फौजदारी तक्रारी मुळातच बाद ठरल्या नसत्या.

आणि सर्वांत मोठा विषय बहिणींचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातील देशभराच्या २००५ च्या दुरुस्तीच्या बरीच वर्षे आधी, मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायाद, म्हणजे मुलांसारखेच वाटेकरी, केले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात हा हक्क जन्माने मिळतो, असे स्पष्ट केले. तरीही आमच्याकडे वडिलांचे दिवस झाले की, भाऊ बहिणींना तालुक्याच्या गावी घेऊन जातात, चहा पाजतात आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतात. सही करू नये असे त्या बहिणीला कोणी सांगावे, असे मी म्हणत नाही. कित्येकींना ती खरोखरच करायची असते. पण आपण काय सोडत आहोत, हे सही करण्यापूर्वी तिला कोणीतरी मराठीत समजावून सांगावे, एवढी तरी अपेक्षा असावी. स्त्रियांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, हे विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ मध्ये लिहिलेले आहे आणि फार थोड्या जणींना माहीत आहे.

मी शिकवत असताना केंद्राच्या खोलीत एक वृद्ध बाई आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांचे नाव लागलेले नव्हते, फक्त दिरांची आणि पुतण्यांची नावे होती. अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांकडे मी ते काम सोपवले. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज कसा द्यायचा, फेरफार नोंदीनंतर हितसंबंधितांना नोटीस जाते व हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, हरकत आली तर मंडल अधिकाऱ्यापुढे चौकशी होते आणि निर्णय विरुद्ध गेल्यास प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते, हे त्या दोघांनी जमीन महसूल संहितेच्या तासाला ऐकलेले होते. परीक्षेत लिहिलेही होते. पण अर्जाचा मराठी मसुदा करताना पहिल्या ओळीतच त्यांची गाडी अडली, कारण तोवर त्यांनी प्रत्येक मसुदा इंग्रजीत केला होता. शासनाने १९९८ मध्ये जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. आमचे दावे, कैफियती, पुरसिस, सरतपास आणि उलटतपास सारे मराठीत चालते, आणि मसुदा लेखनाचा पेपर मात्र विद्यार्थी इंग्रजी नमुने पाठ करून देतात. त्या बाईंचा अर्ज तीन वेळा फाडून चौथ्यांदा जमला. नोंद झाली की नाही, हे मला आज सांगता येणार नाही, कारण पुढच्या सत्रात माझे तास दुसऱ्याला गेले आणि केंद्राची नोंदवही कोणाकडे राहिली, हे कोणी विचारले नाही.

नेमकी हीच अडचण आहे, महोदय. पूर्णवेळ वेतन घेणाऱ्या प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, त्यामुळे केंद्रात आलेला माणूस न्यायालयापर्यंत गेला की, त्याचा हात सुटतो. न्यायालयात उभा राहू शकणारा वकील महाविद्यालयात असतो तो तासिका तत्त्वावर. त्याला तासाचे मानधन मिळते, केंद्राच्या कामाचे मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही, हेही त्याला माहीत नसते. शिक्षकांची मंजूर पदे भरणे आपल्या विभागाच्या हाती आहे. तसेच दरवर्षी लांबत जाणाऱ्या प्रवेशाचेही आहे. २०१६ पासून विधी अभ्यासक्रमाला सामाईक प्रवेश परीक्षा लागू झाली, ते योग्यच झाले. पण फेऱ्यांमागून फेऱ्या होत पहिल्या वर्षाचे वर्ग अनेकदा दिवाळीच्या तोंडावर भरतात आणि सत्राचा अभ्यास उरकण्याच्या घाईत सर्वांत आधी बळी जातो तो प्रात्यक्षिक कामाचा. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात एक दिवाणी व एक फौजदारी अशा दोन खटल्यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून त्याची नोंद ठेवणे सक्तीचे आहे. तोंडी परीक्षेच्या वेळी मी एका विद्यार्थ्याला विचारले होते की, साक्षीदार शपथ घेत होता, तेव्हा तू कोठे बसला होतास. तो प्रामाणिक मुलगा होता. ‘सर, मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवले आहे,’ म्हणाला. त्या दिवशी समोर ठेवलेल्या अनेक जर्नलांत तोच खटला, तोच साक्षीदार आणि उलटतपासातील तीच चूक होती. अहवालात मात्र सर्व विद्यार्थ्यांनी न्यायालयास भेट दिल्याची नोंद होती.

निकाल लागला की, विद्यार्थी अहवालातून कायमचा बाहेर पडतो, हीसुद्धा विचार करण्यासारखी गोष्ट आहे. वकील म्हणून नोंदणीसाठी वारेमाप शुल्क आकारण्यास सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी मज्जाव केला आणि ते खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये एवढेच राहील, असे सांगितले. गरीब घरातील मुलांना त्याचा फार आधार झाला. परंतु त्याच न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निर्णयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा आली. ही तीन वर्षे तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ म्हणून काढणाऱ्याच्या हाती महिनाअखेर काय पडते, हे मी लिहीत नाही, आपण कल्पना करू शकाल. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने आमच्या सहा जिल्ह्यांतील नव्या वकिलांना मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही; किती माजी विद्यार्थी तेथे उभे राहू लागले आणि किती जणांनी काळा कोट खुंटीला टांगून दुसरी नोकरी धरली, हे महाविद्यालयाने तीन वर्षांनी तरी विचारावे, असे मला वाटते.

अभ्यासक्रम बार कौन्सिल व विद्यापीठ ठरवते, याची मला जाणीव आहे आणि त्यात हात घालावा, अशी माझी विनंती नाही. विनंती मर्यादित आहे. विधी महाविद्यालये आपल्या विभागाला व विद्यापीठाला जी वार्षिक माहिती देतात, तिच्या नमुन्यात सहाय्य केंद्रासाठी एक स्वतंत्र भाग असावा. त्यात व्यक्तीचे नाव न देता प्रत्येक प्रकरणाचा विषय, आलेली तारीख, दिलेला सल्ला किंवा केलेला मराठी मसुदा, प्रकरण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले असल्यास त्याची तारीख आणि सहा महिन्यांनंतरची स्थिती लिहिणे बंधनकारक करावे. त्यासोबत पूर्णवेळ व तासिका तत्त्वावरील शिक्षकांची विषयवार संख्या आणि प्रथम वर्षाचे वर्ग प्रत्यक्ष ज्या दिवशी सुरू झाले ती तारीखही असावी. केंद्राचे काम पाहणाऱ्या तासिका तत्त्वावरील वकिलांना त्या तासांचे मानधन द्यावे. यासाठी नवी इमारत किंवा नवी योजना लागणार नाही. एक परिपत्रक व थोडी तरतूद पुरेशी आहे. पहिल्या वर्षी बहुतेक महाविद्यालयांचे हे रकाने जवळजवळ रिकामे येतील. ते तसेच येऊ द्यावेत आणि त्यावरून कोणाला नोटीस काढू नये, अन्यथा दुसऱ्या वर्षी ते उतरवलेल्या जर्नलांसारखे भरून येतील.

आपण सातारा किंवा सांगलीच्या दौऱ्यावर याल, तेव्हा कोणत्याही एका विधी महाविद्यालयात सत्काराऐवजी केंद्राची नोंदवही पाहण्यासाठी अर्धा तास द्यावा, ही विनंती. त्या वेळी बोलावणे आल्यास मी हजर राहीन; त्या वृद्ध बाईंच्या अर्जाची एक प्रत अजून माझ्या कार्यालयातील फायलीत आहे.

आपला नम्र,
जिल्हा न्यायालयातील एक वकील,
सातारा