मोल शिकवण्याआधी मुलांच्या हाती काटा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एकतीस वर्षे मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. आता निवृत्त आहे, तरी वाडीतली मुले अडले की वही घेऊन येतात, आणि दर वर्षी अडतात ती मोलच्या उदाहरणांपाशी. मोल म्हणजे रसायनशास्त्रात पदार्थाचे कण मोजण्याचे एकक, डझनासारखे. गेल्या महिन्यात शेजारची अकरावीतली मुलगी आली. मोल काढण्याचे वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान हे सूत्र तिला नववीपासून तोंडपाठ. उदाहरण असे: 8.4 ग्रॅम खाण्याचा सोडा तापवला, तर धुण्याचा सोडा किती उरेल? समीकरणात खाण्याच्या सोड्यामागे 2, धुण्याच्या सोड्याचा एक. तिने सरळ निम्मे केले, 4.2.

मी वही मिटायला लावली. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा माझ्याकडे आहे. तिनेच सोडा तोलला, स्टीलच्या वाटीत चांगला तापवला, गार करून पुन्हा तोलला. 5.3 ग्रॅम. "बाई, काटा चुकतोय का?" परत तापवला, तरी 5.3.

मग सांगितले, की समीकरणातले दोन आणि एक हे नग आहेत, वजने नव्हेत. डझनभर बोरे आणि डझनभर नारळ यांचे वजन सारखे कसे असेल? खाण्याच्या सोड्याचा एक मोल 84 ग्रॅम, धुण्याच्या सोड्याचा 106. म्हणजे तिने घेतला 0.1 मोल, उरला 0.05 मोल. गुणाकार तिनेच केला आणि काट्याकडे बघत राहिली. "मग 3.1 ग्रॅम गेले कुठे?" हा प्रश्नही तिचाच. 0.9 ग्रॅम पाण्याची वाफ, 2.2 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हे तिने माझ्या मदतीशिवाय काढले.

या साऱ्यात ॲव्होगॅड्रोचा आकडा, म्हणजे एका मोलमधल्या कणांची संख्या, एकदाही लागला नाही. तो महत्त्वाचा आहेच. 20 मे 2019 पासून मोलची व्याख्याच त्यावर उभी आहे. पण वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर 6.022 × 10²³ लिहिले, की अर्धी मुले तिथेच धीर सोडतात. मीही कित्येक वर्षे तसेच शिकवले, याचे मला आज फार वाईट वाटते.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नववीत सूत्राच्या आधी हा एक प्रयोग ठेवा. चिपळूणच्या आसपासच्या कोणत्याही शाळेने बोलावले, तर काटा आणि वाटी घेऊन मी स्वखर्चाने येईन.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, चिपळूण