गगनबावड्याच्या रस्त्यावर भेटलेल्यांचे आभार

पडून असलेली जुनी मारुती जिप्सी, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी जीपसारखी गाडी, मी एक लाख दहा हजारांना घेतली. दर कमी का, तेही ठाऊक होतं: क्लच सोडताना खालून खटका यायचा आणि वेग धरला की घरघर. तरी गाडी लहानपणापासून हवी होती, म्हणून दुरुस्त करायच्या तयारीनेच घेतली.

कोल्हापूरला आणताना गगनबावड्याच्या अलीकडे मागच्या शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, तुटला. भर पावसात ट्रक थांबवून एक मामा खाली उतरले, चिखलात पाठ टेकून गाडीखाली गेले. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळा असतो, पुढे-मागे स्वतंत्र शाफ्ट. त्यांनी मागचा शाफ्ट बोल्ट काढून उतरवला, फोर व्हील टाकायला, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद जोडायला सांगितलं आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर चालली! मामा, तुम्ही चहाचेही पैसे घेतले नाहीत. नाव विचारायचं राहिलं, याची चुटपुट अजून आहे.

उद्यमनगरातल्या टर्नर काकांचे तर किती आभार मानू? ट्रान्सफर केसचं तेल सोडलं तेव्हा त्यात चांदीसारखी चमक होती. काकांनी दोन बोटांत ते चोळलं आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय, गिअर शाबूत हाईत. नवीन केस घिऊ नका." शाफ्टचं फ्लँज, म्हणजे टोकाची बोल्टने जोडायची चकती, त्यांनी लेथवर समोर बसून साफ करून दिलं. क्रॉस दाबून बसवणाऱ्या त्या पोरालाही मनापासून धन्यवाद.

परवा गाडी भुईबावडा घाट चढली. घरघर नाही.