टॉर्च ज्याच्या हातात, तोच बोलेल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीतला अबोला सोडवायला तुम्ही आलात, त्याबद्दल हे पत्र कधीचं लिहायचं होतं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण नागपुरात नाग नदीच्या काठच्या इतर इमारतींतही पुरानंतर आमच्यासारखे अबोले धरले गेले असतील.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत पाणी चढलं. कुणाचं किती नुकसान झालं ते सगळ्यांनी पाहिलं. बाहेर गेलं नाही ते एवढंच: तळमजल्यावरच्या वहिनी दोन लेकरांना घेऊन अंधारात जिना चढल्या, पहिल्या मजल्यावरचं दार वाजवत राहिल्या, आणि ते उघडलं नाही. आसरा मिळाला तो दुसऱ्या मजल्यावर.

सेक्रेटरी म्हणून मी दोनदा मीटिंग घेतली. विषय पाणी उपसायच्या पंपाचा आणि त्याच्या वर्गणीचा. दोन्ही वेळा दहा मिनिटांत ‘तुमच्या घरात पाणी शिरलं असतं म्हणजे कळलं असतं’ इथवर बोलणं गेलं. शेवटी मी हात वर करायला लावून ठराव मंजूर केला. वर्गणी कुणीच दिली नाही. त्या वर्षी गच्चीवर कोजागिरीचं दूधही आटवलं नाही.

तुम्ही आलात आणि आधी मीटिंग घेतलीच नाही. आठवडाभर एकेका घरी जाऊन बसलात. सगळ्यांसमोर काय बोलता येईल आणि काय बोलायचं नाही, हे ज्याचं त्याला विचारलंत. पहिल्या मजल्यावरचे काका समोर बसलेले चालतील का, हे वहिनींना विचारलंत. नको वाटलं तर मधूनच उठून जा, म्हणालात. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

मग पार्किंगमध्ये गोल खुर्च्या मांडल्या आणि त्या रात्रीचीच एक टॉर्च मधे ठेवली. ती हातात असेल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलावंसं वाटलं नाही तर टॉर्च नुसती पुढे द्यायची. ‘तुम्ही असं का केलं’ विचारायचं नाही. त्या रात्री आपण काय पाहिलं, आपल्याला काय झालं, तेवढंच सांगायचं.

काकांनी टॉर्च घेतली. ‘दार वाजत होतं. मला ऐकू येत होतं. घाबरलो. नंतर उघडायची लाज वाटली.’

कुणी हललं नाही. ‘जाऊ द्या ना जी, झालं ते झालं,’ असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तुम्ही हातानं मला थांबवलंत. नंतर बाजूला घेऊन म्हणालात, ‘समेटाची घाई तुम्हाला आहे, त्यांना नाही.’ ताई, हे वाक्य मी अजून विसरलो नाही. वहिनी बराच वेळ टॉर्च चालू-बंद करत राहिल्या. ‘जिन्यात धाकट्याचा हात सुटला होता,’ एवढंच बोलल्या. माफी कुणी मागितली नाही, तुम्ही मागायलाही लावली नाही.

पंपाचा विषय पुढच्या बैठकीत आला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घेते आणि त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेते, हे तुम्ही सांगितलंत. म्हणून प्रत्येक मजल्यावरचा एकेक माणूस पंपाचे भाव काढायला गेला. तिघं हिशेब घेऊन आले तोवर भांडायला फारसं उरलं नव्हतं. तळमजल्याची वर्गणी माफ झाली. पावसाळाभर गच्चीला कुलूप लावायचं नाही, असंही ठरलं. मतदान घ्यावं लागलं नाही.

वहिनी आणि काका आजही कामापुरतंच बोलतात. पण यंदा जूनमध्ये रात्री जोराचा पाऊस लागला, तेव्हा पहिल्या मजल्यावरचं दार सताड उघडं होतं आणि जिन्यात दिवा लावलेला होता. सकाळी वहिनींनीच मला हे सांगितलं. म्हणाल्या, ‘ताईंना कळवा.’

म्हणून हे पत्र. मनापासून आभार.

आपला,
सोसायटीचा सेक्रेटरी
नागपूर