सुळ्याचे माप हा सुगावा, पुरावा नव्हे

महोदय,

अनोळखी सांगाडा सापडला की ‘दातावरून लिंग ओळखले’ असे सहज छापले जाते. त्यासाठी वापरतात तो निर्देशांक असा: खालच्या सुळ्याची रुंदी भागिले खालच्या दोन्ही सुळ्यांच्या टोकांमधले अंतर. 0.274 च्या वर पुरुष, खाली स्त्री. हा आकडा 1989 मध्ये दक्षिण भारतीयांच्या मोजमापांवरून ठरला. सोलापूरकरांना तो जसाच्या तसा का लावायचा?

सुळा 7 मिमी आणि अंतर 26 मिमी असेल तर उत्तर 0.269, म्हणजे स्त्री. दातांच्या दाटीमुळे अंतर 25 झाले की 0.280, म्हणजे पुरुष! टोक झिजलेले असले तर कॅलिपर (मापाचा चिमटा) नेमका कुठे टेकवायचा हाच प्रश्न. शिवाय पुरुषाचा सुळा मोठा तसा जबडाही मोठा, त्यामुळे भागाकारात फरक विरतो. नुसती रुंदी पाहिलेली बरी.

मृतदेहाच्या बोटांवरून लिंग ओळखण्याचेही तेच. तर्जनी भागिले अनामिका हे गुणोत्तर पुरुषांत सरासरीने कमी, पण स्त्री-पुरुषांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळतात. बोटाच्या मुळाशी तळव्याच्या बाजूला असलेल्या घडीपासून टोकापर्यंत मोजायचे असते. पाण्यात फुगलेल्या हातावर ती घडी सापडतच नाही.

कटिराची (कमरेची) हाडे किंवा डीएनए तपासल्याशिवाय अहवालात ‘संभाव्य’ हाच शब्द असावा. बातमीतही.

— दंतवैद्यकाचे दोन अभ्यासक, सोलापूर