व्हिसाच्या २८ दिवसांचा हिशेब

मा. संपादक, स.न.वि.वि.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाची न भरलेली फी आणि कमाल ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात हवा. एक दिवस जरी शिल्लक कमी झाली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अर्जाच्या दिवशी हा २८वा दिवस ३१ दिवसांहून जुना नको. शेअर, म्युच्युअल फंड धरत नाहीत.

पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील तर त्यांचे संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला लागतो. घोडे अडते ते इथेच! जुन्या दाखल्यांवर अनेकदा बाळाचे नावच नसते. पालकांनी ते प्रवेशाआधीच नोंदवून घ्यावे, ही कळकळीची विनंती. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जोडावे.

– एक वाचक, नाशिक