बाबा, काकांचा आजार वेगळा अन् तुमचा वेगळा

प्रिय आई-बाबा,

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणून राहिले होते की मोठ्या काकांचं झालं तेच माझं होणार, मग त्या टेस्टवर पैसे कायले घालवायचे. मला ते फार लागलं, म्हणून सविस्तर लिहून राहिली. आई, तू त्यांना वाचून दाखव.

काकांचं कळलं तेव्हा प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर कमरेच्या हाडात गेला होता. तुमचा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रोटीनचा आकडा, ८ आहे, ग्लीसन, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचा आकडा, ३+४ म्हणजे ७, आणि आजार अजून प्रोस्टेटच्या आतच आहे. आता ७ वाल्यांची अडचण अशी की कोणाचा वर्षानुवर्षं गप पडून राहतो अन् कोणाचा पसरतो, मायक्रोस्कोपखाली मात्र दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. म्हणून डॉक्टर जीन एक्सप्रेशनची टेस्ट करा म्हणतात. एकाच डीपीवरून सगळ्यांच्या वावरात लाइन जाते पण मोटर कोणाची चालू असते कोणाची बंद, तसंच पेशींमधल्या जीनचं आहे. जीन चालू असलं की त्याची आरएनए नावाची नक्कल बनते, ती मोजतात. डिसायफर नावाच्या टेस्टमध्ये २२ जीन बघून ० ते १ मधला आकडा देतात, ०.४५ च्या खाली असला तर पसरायचा धोका कमी, ०.६० च्या वर असला तर जास्त. कमी आला तर कदाचित नुसतं पीएसए करत लक्ष ठेवता येईल, जास्त आला तर ऑपरेशन किंवा रेडिएशनला उशीर करायचा नाही. एकट्या या आकड्यावर कोणी ठरवत नाही, एमआरआय अन् बाकीचे रिपोर्टही धरतात. महाग आहे हे खरं, पण पैशाचं मी बघते, तुम्ही कापूस घाईत विकू नका.

अन् काकांच्या हार्मोन कमी करायच्या इंजेक्शनबद्दल. पुरुषी हार्मोन तोडला की हा कॅन्सर आवरतो हे हगिन्स नावाच्या डॉक्टरने १९४१ मध्ये दाखवलं, त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हार्मोन पेशीतल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रोटीनला, चिकटतो अन् तो रिसेप्टर वाढीची जीन चालू करतो. पण काही पेशी एआर-व्ही७ नावाचा तोकडा रिसेप्टर बनवायला लागतात, त्याला हार्मोन लागतच नाही, तो आपोआप चालूच राहतो. असं ज्यांच्यात सापडतं त्यांना एन्झालुटामाइड, अबिराटेरॉन या हार्मोनचं काम रोखणाऱ्या गोळ्या सहसा लागू पडत नाहीत, हे २०१४ मध्ये समोर आलं. काकांचं तेच झालं असं मी म्हणत नाही, त्यांची तशी तपासणीच झाली नव्हती. आता पीएसएमए नावाचं प्रोटीन जास्त बनवणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना शोधून मारणारं ल्युटेशियम या किरणोत्सर्गी धातूचं औषधही निघालंय, अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. ते पसरलेल्या आजारासाठी आहे, तुम्हाला आज त्याची गरज नाही, पण काकांच्या वेळी होतं तेवढंच आजही आहे असं मनात धरून बसू नका.

त्या डिसायफर टेस्टसाठी पुन्हा सुई टोचणार नाहीत. बायोप्सीचे दोऱ्यासारखे तुकडे मेणाच्या छोट्या चौकोनी ब्लॉकमध्ये ठेवलेले असतात, त्यातूनच टेस्ट होते. सोमवारी दादासोबत जाऊन ब्लॉक अन् स्लाइड दोन्ही मागून घ्या, उन्हात किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मेण वितळते. आई, रिपोर्टवर ब्लॉक नंबर असतो, त्याचा फोटो मला आजच टाक.

तुमची,
ताई