शेवटच्या पानावर भाषण कशाला?

महोदय,

जूनमध्ये शाळा भरू लागल्या की आमच्या बालवाचनालयात घरी दिवसभर बडबडणारे, पण बाहेर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, असे एखादे तरी मूल येतेच. गेल्या वर्षी आलेली पाच वर्षांची मुलगी शाळेत ‘हजर’ म्हणत नसे आणि लघवीला जायचे आहे हेही तिला सांगता येत नसल्यामुळे अनेकदा कपडे ओले करून घरी येई. शाळेने तिच्या वहीत ‘हट्टी आहे’ असा शेरा दिला होता.

हा हट्ट नव्हे. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये या अवस्थेला जे नाव दिले, त्यात मूल स्वेच्छेने गप्प राहते असेच गृहीत धरले होते. मात्र अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने १९९४ मध्ये ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ (ठरावीक ठिकाणीच तोंडून शब्द न फुटणे) हे नाव स्वीकारले आणि २०१३ मध्ये या अवस्थेची गणना चिंताविकारांत केली. आपण अजून ‘घुमी’ आणि ‘घरात वाघ, बाहेर शेळी’ यांच्या पुढे गेलेलो नाही.

अशा मुलांवर इंग्रजीत चित्रपुस्तके निघाली आहेत. आमच्या कपाटात मराठीतले एकही नाही. लाजऱ्या मुलांच्या ज्या गोष्टी आहेत, त्यांत बहुधा शेवटच्या पानावर मूल स्नेहसंमेलनात खणखणीत भाषण करते आणि टाळ्या पडतात. ज्याला ‘पाणी हवे’ एवढेही म्हणता येत नाही, त्याने ते पान पाहून काय करावे?

वास्तविक चित्रपुस्तकाइतके सोयीचे साधन दुसरे नसेल, कारण त्यात न बोलताही भाग घेता येतो. त्या मुलीला मी प्रश्न विचारणे सोडून दिले. तिच्याकडे न बघता, पुस्तकाकडे बघत, ‘मांजर कुठं गेलं बाई’ असे स्वतःशीच म्हणत असे. तिसऱ्या आठवड्यात तिने पलंगाखालच्या शेपटीवर बोट ठेवले. दिवाळीनंतर ती आईच्या कानात कुजबुजली आणि आईने ते मला सांगितले. (पाहुण्यांसमोर ‘काकांना नाव सांग’ म्हणून ढोसणाऱ्यांनी एवढी वाट पाहिली असती का, कोण जाणे.)

आपल्या लेखक-चित्रकारांनी आणि प्रकाशकांनी असे एखादे पुस्तक करावे, ज्यात शेवटीही मूल कुजबुजतेच आणि बाई थोड्या खाली वाकून ऐकतात.

आपली,
बालवाचनालयातील एक कार्यकर्ती